दाराबाहेरचा कंदील

आई,

आज इंदापुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाशी भांडून आले. वीज गेली, आग लागली, तर माणसांना बाहेरची वाट दाखवणारे दिवे कुठे लावायचे हे आखून देणं माझं काम. एक दिवा मी नकाशात दाराबाहेर, अंगणाच्या टोकाला दाखवला होता. ते म्हणाले, "बाई, मान्सं आत असत्यात. भाईर उजेड कुनासाठी?" मला तू आठवलीस.

बारामतीच्या त्या पत्र्याच्या थिएटरात तू बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचीस. देवाचा सिनेमा असला की बायका देवळात शिरावं तशा दारातच वहाणा काढायच्या, हा ढीग व्हायचा. विजेचं इंजिन बंद पडलं तर काय, म्हणून तू मालकाच्या मागे लागून दारात कंदील टांगून घेतला होतास. त्या संध्याकाळी खरंच दिवे गेले, मशीनच्या खोलीतून धूर आला आणि बायका कंदिलाकडे धावल्या. इथवर तुझं बरोबर होतं. पण कंदिलाखालीच वहाणा. पहिली बाई आपली जोडी शोधायला वाकली, तिच्यामागची वाकली आणि दार तुंबलं. मागून रेटारेटी, पोरांचा आकांत. मी तुझा पदर धरून उभी आहे. तू कंदील काढतेस, ढीग पायाने उधळतेस, अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन कंदील उंच धरतेस. "हिकडं या गं! वहाणा मागनं!" एक म्हातारी करवादते, "देवाच्या दारात लाथा मारती व्हय!" तू म्हणतेस, "देव बघंल माझं, आजे. तू चाल." सगळ्या बाहेर आल्या. तू बाजारातून हौसेनं आणलेल्या माझ्या लाल चपला मात्र सापडल्या नाहीत. मी भोकाड पसरलं तशी तू खडसावलंस, "पाय हाईत नव्हं? मग वहाणा मिळत्याल." दुसऱ्या दिवसापासून कंदील कडुलिंबाला आणि वहाणा लांब भिंतीकडेला. मालक कुरकुरला, पण तू बधली नाहीस.

आज मीही विचारलं, "लग्नात तुमच्या दारात चपलांचा ढीग असतो की नाही?" मालक तरीही कबूल झाले नाहीत. चपला हलल्याशिवाय आणि बाहेरचा दिवा लागल्याशिवाय माझी सही मिळायची नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. गाठ तुझ्या लेकीशी आहे.

हे पत्र टाकू तरी कुठे? नकाशाच्या गुंडाळीत ठेवते. वाकलेल्या त्या बायकांना मी कधी नावं ठेवली नाहीत. खरं सांगू? पाय धड आहेत, आई, पण त्या लाल चपलांसाठी जीव अजून हळहळतो.