अंगात मुरलेलं पळणं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना हसू आवरत नाही. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि तुमच्या टांग्याला गिऱ्हाईक पुरून उरत होतं, तेव्हाची गोष्ट. कोरेगावहून साताऱ्याला निघताना तुम्ही मला शेजारी बसवलंत. शाळेत मास्तरांनी गतिज ऊर्जेचा इंग्रजी पाठ घोकून घेतला होता आणि बजावलं होतं, "उद्या हेच आपल्या भाषेत सांगायचं. ज्याला सांगता येणार नाही, त्याला ते कळलेलं नाही." मी रडकुंडीला आले होते.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि लगाम खेचलात. दुडक्या चालीतला टांगा चार पावलांत थांबला. मग घोड्याला दुप्पट पळवलंत आणि पुन्हा खेचलात. मागे कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेली म्हातारी ओरडतेय, "आवं, पोरीला शिकवताय का मला मारताय?" आणि तुम्ही खाली उतरून निवांत पावलं मोजताय. "सोळा! दुप्पट पळवलं तर दुप्पट वाट लागंल म्हनशील. न्हाई. चौपट लागती. पळनं टांग्याच्या अंगात मुरतं गं. थांबताना ते वाटंवर जिरवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी जोर म्हणे, कुणी वेग, कुणी ताकद. मास्तर शब्द फळ्यावर लिहीत आणि पुसून टाकत. मी उठले आणि तुमचं बोलणं जरा शुद्ध करून सांगितलं. मास्तर खडू हातात धरून बघतच राहिले. "हे कुणी सांगितलं तुला?" वकिलांच्या मुली माझ्याकडे वळून बघत होत्या. मी म्हणाले, "पुस्तकात वाचलं."

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "मास्तर काय म्हनलं?" तुमचं नाव घ्यायची मला लाज वाटली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हटलं, "आबा, तुम्ही सांगितलंत ते पुस्तकातच आहे!" केवढे खूश झालात! मग टांग्यात बसेल त्याला ऐकवायला लागलात, "आमी म्हंतो ते बुकात बी हाय!" तो चेहरा पाहून खरं बोलायचा धीरच झाला नाही.

पुढे सांगलीच्या शाळेत जन्मभर मी हेच शिकवलं. मुलींना मैदानात पळवायचं, शिट्टीवर थांबवायचं, पावलं मोजायला लावायची. काय मजा यायची! त्या निमित्ताने पुस्तकंही पुष्कळ चाळली. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. तुमचं ते वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आबा. ते तुमचंच होतं.