वहिनीसाठी सोडलेली जागा

४ मे

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, पण मी घरात असतो कुठे! गव्हाची फेरी चालू आहे. शेतात लाकडी चौकट टाकायची, तिच्यातल्या ओंब्या मोजायच्या, दाणे पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यायचे. तिथल्या बाई त्याची कणीक मळून नळाखाली धूत बसतात. पिठूळ पाणी वाहून गेलं की जो चिवट गोळा उरतो, त्यावरून पाव फुगणार की बसणार ते कळतं. यापुढे विचारू नकोस. अठरा तारखेला पिकाचा सरकारी अंदाज जाहीर होईपर्यंत मी गव्हाच्या बाबतीत मुका आहे.

आकडा आधी फुटू नये म्हणून अठराला तर आम्हाला कोंडतातच. सकाळी सातला आत, पडदे बांधलेले, टेलिफोन काढलेले, दाराला बाहेरून कुलूप. संध्याकाळी आकडा वाचून दाखवला की सुटका. वीस वर्षं हसत हसत आत गेलो. यंदा नको वाटतंय.

वहिनी ठीक. परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, मी हसलो, ती मात्र हसली नाही. तुला जमलं तर अठराला ये. तिला दिवसभर सोबत होईल. माझा गुडघा दुखतोच आहे.

खाली नेहमीसारखी तिच्यासाठी जागा सोडली होती. पण ती थकली आहे, म्हणून तिचेही आशीर्वाद मीच लिहितो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा


९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावणार नसशील तर एक गंमत सांगते. तुझी सहा वर्षांची पत्रं यांनी फाईलला लावली आहेत, आणि प्रत्येकाशेजारी त्या वर्षीच्या पिकाचा आकडा! तुझा गुडघा दुखला की पीक पडतं आणि तू विनोद केलास की कोठारं भरतात, असा यांचा शोध आहे. मी म्हटलं, अहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण सहापैकी चारदा खरं ठरलं, आता कोण ऐकतंय! तू ओंब्या मोजतोस आणि गिरणीत बसून हे तुझी वाक्यं मोजतात.

परवाचं पत्रही जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं गेलं. मिठावर अर्धा तास चर्चा झाली. माझ्या नावाचं पत्र माझ्या हातात सगळ्यांच्या शेवटी येतं रे. बोलून दाखवावं तर घरात तोंडं वाकडी होतात, गप्प बसावं तर जीव घुसमटतो.

अठराचं सांगते. हे म्हणाले, अवश्य जा, पण आत्ताच जा आणि कानात पडेल ते पंधराच्या आत कळव. यांना पंधरापर्यंत ठरवायचं आहे, गेल्या वर्षीचा जुना, चांगला गहू राखून ठेवायचा की यंदाच्यावर विसंबायचं. सासूबाई म्हणाल्या, गिरणीची सून आकड्याआधी अंदाजवाल्याच्या घरी दिसली तर बोभाटा होईल. शेवटी मीच म्हटलं, जात नाही. माझ्या पायी तुझी नोकरी जायला नको. नंतर सवडीने येईन. वहिनीला म्हणावं, रुसू नको.

लहानपणी होतास तसाच लाड करणारा राहा.
तुझी,
छोटी


१३ मे

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग हातपाय गार पडले. साहेबांना ही फाईल कळली तर मला घरी बसवतील. लिहावं तर फाईलला लागतं, आणि लिहिलं नाही तर तेही फाईलला लागेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मेहुणेबुवांना नमस्कार सांग आणि म्हणावं, मी माणूस आहे, ओंबी नाही.

तेव्हा आता एकच उत्तर. आम्ही मजेत आहोत. गुडघा घोड्यासारखा पळतो आहे. हवा छान आहे, वहिनी मजेत आहे. कोणत्याही वर्षी, कोणत्याही पिकाला मी हेच लिहिणार.

तू येत नाहीस ते बरोबरच आहे. अठराला दूध आणि पाव टेबलावर ठेवीन, शेगडी बंद करीन आणि दाराला बाहेरून कडी लावून जाईन. एका दिवसाचा तर प्रश्न.

मनात काही ठेवू नकोस.
दादा

वहिनीचे आशीर्वाद.


२० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आकडा ऐकला. पीक भरपूर, पण पावसाने ओंबीतच दाण्याला मोड आले, पावाला निकामी. यांनी तुझ्या 'मजेत'वर भरवसा ठेवून जुना गहू विकून टाकला. आता बेकरीवाले दारात येऊन बोलतात आणि हे तुझ्यावर आग पाखडतात. तू मुद्दाम फसवलंस म्हणे. त्याचा पुरावा काढायला फाईल माझ्यापुढे आदळली.

सहा वर्षांत पहिल्यांदा तुझी पत्रं एकटीने वाचायला मिळाली. मी ती तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. गहू बाजूला ठेवला आणि नुसती खालची जागा बघत गेले. पहिल्या वर्षी वहिनीच्या सात ओळी आहेत, शिवणाच्या नमुन्यासकट. मग चार. मग दोन, त्यात माझं नाव चुकलेलं, आणि मी ते वाचून हसले होते! मग नुसती सही. मग सहीसुद्धा अर्धी. आणि यंदा तुझं अक्षर.

दादा, एवढा मोठा अंदाज आमच्या घरात फाईलला लावलेला होता आणि तो कुणालाच वाचता आला नाही. आणि कडी! पत्र मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली. तेव्हा हे म्हणाले होते, कडी म्हणजे गोदाम, म्हणजे साठा भरपूर. आणि मी मान हलवली. मला माझीच लाज वाटते. वहिनी आत होती ना? काय झालं त्या दिवशी? आता काही लपवू नकोस.

तुझी,
छोटी


२४ मे

छोटे,

आज मायना जमत नाही.

तिचं विसरणं सुरू होऊन चार वर्षं झाली. सुरुवातीला तिला स्वतःला कळत होतं. तेव्हाच तिने मला बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही, कीव नको. मी ते पाळलं. एकटी बाहेर पडली की तिला घर सापडत नाही, म्हणून कडी. कामाला गेलो की रोज लावतो, एरवी दुपारी येऊन बघून तरी जातो. रोज जिना उतरताना मला स्वतःची चीड येते.

अठराला त्यांनी माझ्यामागे कुलूप लावलं, आणि तो आवाज माझ्या दाराच्या कडीसारखाच आला. दिवसभर लोक मोड आलेल्या दाण्यांचे आकडे मांडत होते आणि मी दाराकडे बघत होतो. दोनदा बाहेर सोडा म्हणालो. साहेब म्हणाले, आकड्याआधी कुणी बाहेर जात नाही.

संध्याकाळी घरी आलो. दूध तसंच होतं. ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती, दारावर नखांचे ओरखडे. मला वाटलं, ओरडेल. तिने माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, तुम्हालाही सोडलं का त्यांनी?

मला रडू आवरलं नाही. पुढची कोंडणी जूनच्या अठराला आहे.

दादा


२७ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फाईल मी उचलली. यांनी विचारलं, कुठे नेतेस? म्हटलं, पत्रं माझी आहेत. सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. म्हटलं, म्हणू देत. मग हे फाटकापर्यंत माझी बॅग घेऊन आले आणि न बघताच म्हणाले, वहिनींना नमस्कार सांग. शरमले होते बिचारे.

वाटेतूनच लिहिते आहे, परवा सकाळी पोचते. जूनच्या अठराला तू निर्धास्त आत जा, त्याच्या पुढच्यालाही. कडी काढून टाक. दार दिवसभर उघडं ठेवू, उंबऱ्यात मी बसेन.

तुझी,
छोटी