आईची सहा मिनिटं

९ नोव्हेंबर

पालघरहून आत्ता आलो. आई रिक्षातच झोपली. अर्धी सुट्टी टाकली होती, उद्या इन्चार्ज तोंड वाकडं करणार. करू दे.

मुंबईचे हार्टचे डॉ. महिन्यातून एकदा पालघरला बसतात. त्यांनी इको बघून सरळच सांगितलं. हृदय फुगलंय, पंपिंग फार कमी, झडप गळतेय. औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं. एवढ्या कमजोर हृदयाला एरवी कुणी सर्जन हात लावत नाही. पण त्यांची एक स्टडी चालू आहे. अशाच पेशंटची झडप ऑपरेशन करून नीट करायची आणि पुढे बघत राहायचं, माणूस किती जगतो, कसा जगतो. आई स्टडीत बसली तर मुंबईला ऑपरेशन. नाही बसली तर ह्याच गोळ्या.

"गोळ्यांवर किती काढेल?" विचारलं. म्हणाले, ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणजे थोडंच.

चाचण्या पालघरलाच. रक्त, इको आणि चालणं. सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालायचं, किती अंतर कापलं ते मोजतात. किती चालावं लागतं, विचारलं, तर रिसर्चच्या मॅडम म्हणाल्या, नेहमीसारखं चालू द्या. हे काय उत्तर झालं?

आईने बाकी काही ऐकलंच नाही. "चालायचीच परीक्षा ना? मंग काय, चालू की."

१२ नोव्हेंबर

सकाळी कंपनीची बस यायच्या आधी आईला चाळीसमोर चालवलं. मोबाईलवर वेळ लावून. आमच्या दारापासून नळापर्यंत आणि परत.

सरळ हिशेब आहे. एवढं मोठं ऑपरेशन सोसायला अंगात ताकद पाहिजे, म्हणून तर चालायला लावतात. कंपनीच्या क्यूसीत माल तपासण्यात इतकी वर्षं काढली, टेस्ट म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. माल पास झाला की गेटबाहेर पडतो, फेल झाला की ड्रम गोडाऊनमध्ये सडतात. आई पास झालीच पाहिजे. बस.

शेजारच्या भाभी दारात भाजी निवडत होत्या. "दीदी, आंटी को क्यों दौड़ा रही हो?" म्हटलं, "प्रॅक्टिस है भाभी."

आई वळताना भिंत धरते. ओरडले, भिंत धरायची नाही. म्हणाली, "मला पोलिसात भरती करतेस काय गं?"

१७ नोव्हेंबर

तीन दिवस आईला काडी इकडची तिकडे करू देत नाही. स्वयंपाक, भांडी, पाणी सगळं मी. ताकद साठली पाहिजे. कंटाळली आहे. "बसून बसून माझं भोपळं झालं."

भाभींकडे सुके बोंबील भाजत होते. आईने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मीठ बंद आहे, मी काय करू?

२० नोव्हेंबर

झालं! काय चालली आई!

कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना केशरी शंकू, रस्त्याच्या कामावर असतात तसले. मॅडम हातात घड्याळ घेऊन उभ्या. माझ्याच वयाच्या, बोलायला गोड. आईला म्हणाल्या, दम लागला तर थांबा आजी, खुर्ची आहे, बसलात तरी चालेल. आईने पदर खोचला आणि निघाली. मान ताठ, खुर्चीकडे ढुंकून बघितलं नाही. बाकीच्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे, नाहीतर मी टाळ्याच वाजवल्या असत्या.

मग मॅडमनी विचारलं, "दम किती लागला? शून्य ते दहामध्ये सांगा."

"शून्य."

"नक्की आजी?"

"मी काय खोटं बोलेन?"

बाहेर पार्किंगच्या कट्ट्यावर बसली ती बसलीच. ओठ निळे. शब्द फुटेना. माझं मनगट धरून ठेवलं, बांगडीचा वळ उठला. म्हटलं, चल आत, डॉ.ना दाखवू. मान हलवली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सांगू नको त्यांना. काढून टाकतील."

नाही सांगितलं. मलाही तेच वाटलं.

येताना अर्धा पेढा दिला तिला. अर्धा मी खाल्ला.

२७ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. लॅबमध्ये होते, ग्लोव्ह्जसकट उचलला. "ताई, आईंचं स्टडीत नाही होत. त्यांचं चालणं चांगलं आहे. ही स्टडी ज्यांना फार कमी चालवतं त्यांच्यासाठी आहे."

म्हटलं, चांगलं आहे म्हणून नाही घेणार?

"हो. तशी आनंदाचीच गोष्ट आहे ना."

मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

नंतर काय काम केलं आठवत नाही. मी तिला पास करायला निघाले. आठवडाभर बसवून ठेवलं, भिंत धरू दिली नाही, आणि आता ती

नाही लिहवत.

२८ नोव्हेंबर

आईला सांगितलं. म्हणाली, "म्हंजे माझी तब्येत चांगली हाय?"

"त्यांच्या मापाने."

"डॉक्टरचं माप काय खोटं असतं?" आणि हसली. तोंडभर हसली. किती दिवसांनी बघितलं तिला असं. उठून भाभींकडे गेली. "मेरा आपरेशन कॅन्सल. मैं अच्छी हाय!" भाभींनी तिच्या हातावर साखर ठेवली.

मी मोरीत तोंड धूत बसले. कोणत्या तोंडाने सांगू हिला, की तू बरी नाहीस, तू फक्त चांगली चाललीस?

५ डिसेंबर

सफाळ्याला मामाकडे भाताच्या झोडणीला जाऊन आलो. तिला राहवत नव्हतं. खळ्यावर येईल त्याला सांगते, मोठ्या डॉक्टरने मला ऑपरेशनला नापसंत केली, एवढी मी धडधाकट. मामा म्हणाला, "ताय, तू आमच्यापरीस जवान हायेस." झालं! बाई भाताचा भारा उचलायला वाकली. मी सगळ्यांदेखत खेकसले, "ठेव तो खाली!" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आजारी मीच आहे.

येताना गाडीतून उतरल्यावर म्हणाली, "भावासमोर माझी लाज काढलीस."

११ डिसेंबर

आज धीर करून मॅडमना फोन केला. सगळं ओकले. प्रॅक्टिस, आराम, कट्टा, निळे ओठ, शून्य.

त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, त्याच वेळी आत यायचं होतं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉ.ना विचारून परत फोन केला. मध्ये काही आठवडे जाऊ दिले की चाचणी पुन्हा घेता येते. पण ह्या वेळी तयारी नको, आराम नको. "रोज जशा असतात तशा आणा."

रोज कशी असते? मला कुठे माहिती आहे? मी बस पकडते तेव्हा ती उभी असते, मी परत येते तेव्हाही उभी असते. मधली आई मी बघितलेलीच नाही.

१४ डिसेंबर

भांडण. आयुष्यात असं भांडलो नव्हतो.

म्हटलं, पुन्हा चालायचंय, आणि दम लागला की थांबायचंय, सगळ्यांसमोर. ऐकेना. "एकदा पास झाले ना? आता मुद्दाम लंगडू काय?" म्हटलं, मुद्दाम नको, खरं चाल. "खरंच चालले ना मी! पाय कुणाचं होतं, तुझं?"

मग मी म्हणायला नको ते म्हटलं. तू मरायला टेकली आहेस आणि तुला मिरवायचं पडलंय, असं.

आई भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच बोलली. तारापूरला ठेक्यावर पॅकिंगला होती तेव्हाचं. सकाळी बाया गेटवर उभ्या राहायच्या, मुकादम एकेकीला चालताना बघायचा. जी दमलेली दिसेल तिला म्हणायचा, "तू घरी जा बाय, आराम कर." ती बाई परत कधी आत दिसायची नाही. ताप असला तरी आई गेटमधून ताडताड चालत जायची. तुझे बाबा गेल्यावर तर काय, म्हणाली, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तशीच कामावर गेले.

"दम लागलेला दाखवायचा नाय, एवढंच मला येतं. आता ह्या वयात दुसरं कुठनं शिकू?"

मी तिच्या हातातून भांडं घेतलं. तिने दिलं नाही.

२ जानेवारी

त्या भांडणानंतर लिहिलंच नाही. पालघरला आई ॲडमिट आहे.

पाय केळीच्या खांबासारखे सुजले. आडवं झालं की गुदमरते. इंजेक्शनने पाणी काढतायत. ड्युटीवरच्या डॉ.नी विचारलं काय होतंय, तर ही ऑक्सिजन लावलेली बाई म्हणते, "काय नाय, जरा गॅस झालाय." मी तिथेच सगळं सांगितलं, तिच्यासमोर. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मला भीती वाटते आहे. खूप भीती वाटते.

६ जानेवारी

घरी आणली. अर्ध्याने कमी झाली आहे. रजा संपल्या, बिनपगारी घेतली. भाभी दुपारी येऊन बसतात. आई त्यांच्याशी हिंदी बोलते आणि दोघी हसतात. मी आले की गप्प.

२१ जानेवारी

दुसरी चाल.

तेच शंकू, तीच खुर्ची. मी टोकाला उभी. काहीही बोलायचं नाही. आईने पदर खोचला आणि निघाली, परत तशीच, ताडताड! मुकादम दिसत असणार तिला समोर. मी मान खाली घातली. माझ्याकडे बघून ती अजून जोर लावेल असं वाटलं.

मग पावलांचा आवाज थांबला.

वर बघितलं तर मधोमध उभी. भिंतीला हात. समोरून वॉर्डबॉय, दोन बायका, कुणाचे तरी नातेवाईक, सगळे बघतायत. मॅडम खुर्ची घेऊन गेल्या. आई बसली. आणि मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला नाय जमत."

लहानपणापासून एकदाही ऐकलं नव्हतं हे वाक्य तिच्या तोंडून.

नंतर मॅडम हळूच म्हणाल्या, चालण्याच्या अटीत बसतात आता. आणि मला आनंद झाला. देवाशपथ झाला. माझ्या आईला चालवत नाही ह्याचा मला आनंद झाला. काय झालंय माझं?

२५ जानेवारी

डॉ. भेटले. चालण्याचं ठीक, म्हणाले, पण मधल्या काळात पंपिंग आणखी खाली आलंय. किडनीवरही ताण दिसतो. आता ऑपरेशन सोसेल का, हे त्यांची कमिटी बसून ठरवणार. फोन करतील.

विचारलं, नोव्हेंबरात झालं असतं तर?

"असं मागे जाऊन सांगता येत नाही ताई."

त्यांना येत नसेल. मी रोज जाते. कट्ट्यावर जाते, तिचा हात धरते आणि आत नेते. रोज नेते.

आईला डॉ.नी विचारलं, ऑपरेशन करायचं आहे ना? आई म्हणाली, "तुमी म्हणाल तसं. पण हिला काय बोलू नका. आमी दोघींनी मिळून केलं ते."

३० जानेवारी

फोन नाही. मॅडमना मी केला, म्हणाल्या कमिटी अजून बसली नाही. मोबाईल वाजला की दोघी दचकतो. आज दोनदा वाजला, दोन्ही वेळा लोनवाले.

मॅडमनी दुसऱ्या चालीच्या दिवशी आईला सांगितलं होतं, दम लागला की लगेच मुलीला सांगायचं, लपवायचं नाही, त्यावरून गोळी कमी-जास्त करता येते. आईने ते मनावर घेतलंय. आधी जुनं सगळं सांगितलं. गेल्या दिवाळीपासून ती मला झोप लागली की उठून कपाटाला टेकून बसायची. नळावरून अर्धीच कळशी आणायची, दोन खेपा करायची. गिरणीत दळण टाकायला गेली की पायरीवर बसून राहायची आणि लोकांना सांगायची, पोरीची वाट बघते. मी सगळं ऐकलं.

आता ती नवं सांगते. न्हाणीतून आली की, "लागला गं." भाताचे दोन घास झाले की, "लागला." आत्ता हे लिहितेय तर नुसती कूस बदलली आणि तिथून म्हणाली, "बाय, लागला बघ. सांगितलं हां मी." शाळेतल्या मुलीसारखी माझ्याकडे बघते.

हो आई, म्हणते मी. चांगलं केलंस सांगितलंस. मला आता एकदाही ऐकवत नाही. पण तिला गप्प राहा म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.