देवाच्या घागरीतलं पाणी

प्रिय नथू,

मेलेल्या भावाला पत्र लिहिणारी बाई वेडीच म्हणायची, हे मला ठाऊक आहे. पण मला लिहायला शिकवलं कुणी? तूच ना! दुपारभर अंगणात बसवून पाटीवर हात धरून गिरवून घेतलंस. बोलले असते तर आपल्या अहिराणीतच बोलले असते. पण कागदावर तू शिकवलेली शाळेतली भाषाच उतरते, त्याला मी काय करू?

आजच लिहायला बसले त्याला कारण आहे. काल दारात नवा मास्तर आला. तुझ्या जागेवर नेमलेला, पोरगेलासा, टोपी वाकडी. म्हणाला, "आक्का, होळीच्या आधी शास्त्राची जत्रा पुन्हा भरवायची आहे. नथू मास्तरांचं भिंग तुमच्याकडे आहे ना?" मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तर म्हणे, सगळ्या गावाला माहीत आहे. सगळ्या गावाला! माझ्या ट्रंकेत काय आहे ते गावाला कसं माहीत? तो बोलत होता माझ्याशी आणि बघत होता ट्रंकेकडे. मी त्याला दारातूनच परतवून लावलं.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. शहाद्याच्या बाजारात मी वांगं दाबल्याशिवाय घेत नाही, आणि नारळ तीन वेळा कानाशी हलवते. तू म्हणायचास, "आक्का, तू देवळात गेली तरी देवले दोनदा पारखस." मी तुलाही पारखत होते रे. सख्ख्या भावाला!

आठवते ना तुझी ती चार वर्षांपूर्वीची जत्रा? शाळेच्या पटांगणात, बाजारच्या दिवशी. एका कोपऱ्यात चुंबक, एका कोपऱ्यात कप्पी. आपली कोरीटची म्हातारी मावशी, तिनं दोन-तीन कप्प्यांवरची दोरी एका हातानं ओढून धान्याचं पोतं वर उचललं आणि इतकी खूश झाली की पुन्हा पुन्हा उचलत बसली, पोरांची पाळी येईना. बाजाराला डोंगरातून उतरलेली माणसंही डोक्यावरची लाकडं खाली ठेवून बघत उभी राहिली. तू नुसता इकडून तिकडे धावत होतास, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून. आणि मधोमध टेबलावर ते पितळी भिंग. मला ते पहिल्यापासून आवडलं नाही. इतकं चकचकीत कशाला असावं?

गावात काय काय बोललं जात होतं, तुझ्यापर्यंत आलंच नसेल. भिंगात डोळा घातला की सरकारला आपलं नाव कळतं म्हणे. टोचायला डॉक्टर येणार, त्याची ही तयारी. कुणी म्हणे, मास्तरला कुणीतरी फितवलं, पायविहीर बुजवायची आहे. मी कुणाला गप्प केलं नाही. मलाही वाटतच होतं, हा एवढा जीव तोडून करतोय, त्यामागे काहीतरी असणारच.

आणि तुला हवं तरी काय होतं? वेशीजवळच्या पायविहिरीच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, वर कप्पी लावायची, आणि प्रत्येक घरानं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं. नारू झालेला माणूस पायरीवर पाय बुडवतो, त्याच्या फोडातून नारूची पिल्लं पाण्यात जातात, पाण्यातले बारीक किडे ती पिल्लं गिळतात, आणि ते किडे आपल्या पोटात. तू पाटलांना आणि पंचांना पुढे बसवून हे समजावत होतास. पाटलांनी भिंगात डोळा घातला आणि दचकून मागे सरकले. "आरे बापरे! पानीमा शिंगंवाला किडा शेतस!" पंच एकमेकांकडे बघायला लागले. आता हो म्हणतील, असं तुझ्या तोंडावर दिसत होतं.

तेव्हा मी उठले.

"काचमा तू किडा आगोदरच टाकेल शेतस," मी म्हटलं. "मन्हा घरनं पानी आनस मी. मंग दखाड!"

बाया हसल्या. तू मात्र हरखलास. "आन व आक्का, जरूर आन." तुला वाटलं, माझ्या पाण्यातही किडे दिसतील आणि माझीही खात्री पटेल. किती भोळा रे तू!

मी घरी आले. रांजण भरलेला होता, पण हात गेला देवळीतल्या तांब्याच्या छोट्या घागरीकडे. खोटं पकडायचं तर देवाचंच पाणी न्यावं, असं मनात आलं. देव खोट्याला साथ देणार नाही, एवढाच माझा हिशेब. त्यातलं लोटाभर घेतलं आणि ताठ मानेनं आले.

"आक्का, हाई पानी कोठलं शे?" तू विचारलंस.

"पायविहीरनं. देवनी आन!"

"तसंच भरेल?"

"तसंच."

तू थेंब काचेवर घेतलास. बघितलंस. काच फिरवलीस, पुन्हा बघितलंस. दुसरा थेंब, मग तिसरा. तुझ्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, "काय दिखस, सांग ना!" तू हळूच म्हणालास, "काहीच नही."

पुढचं काय सांगू? पटांगणात नुसता गलका झाला. पाटील उठून म्हणाले, "मास्तर, तुन्ही बहीननीच तुन्ही लबाडी उघडी पाडी." पंच उठून गेले. पायऱ्या राहिल्या तिथेच. बाया माझ्याभोवती गोळा झाल्या, आणि मी, नथू, मी पदर कमरेला खोचून हसत होते! तू भिंग पुसून पेटीत ठेवलंस. खोटं बोलणारी बहीण नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तू स्वतःवरच संशय घेतलास. त्या दिवशी संध्याकाळी जेवलास तरी का?

आता जे लिहायचं ते चार वर्षं जिभेवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी देवाचं पाणी भरायला घेतलं. रोजच्यासारखं. घागरीच्या तोंडावर धुतलेलं धोतराचं दुहेरी फडकं बांधलं आणि पाणी ओतलं. ओतता ओतता हात थांबला. देवाचं पाणी आपण गाळूनच भरतो! सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, देवाच्या पाण्यात जीव मरायला नको म्हणून. इतकं अंगवळणी पडलेलं की ते गाळणं आहे हे डोक्यातच नव्हतं. आणि घरात प्यायचं पाणी? ते तसंच, रांजणात, न गाळता. माणसांना काय होतंय, असं!

म्हणजे तुझं सगळं खरं होतं. मी तुला खोटं पाडायला गेले आणि तुझाच प्रयोग सगळ्या गावासमोर करून दाखवला. फडक्यानं किडे जातात, हेच तर तू सांगत होतास! फडकं पिळून मी तशीच उभी राहिले. तेव्हाच धावत शाळेत यायला हवं होतं. पाटलांच्या ओट्यावर जाऊन सांगायला हवं होतं. नाही आले. पाणवठ्यावर बाया म्हणत होत्या, आक्काला कुणी फसवू शकत नाही. मला ते गोड लागत होतं. आणि रांजण? रांजणावर फडकं बांधलं असतं तर शेजारणीनं विचारलं असतं, का गं बांधलंस? म्हणून तोही तसाच ठेवला.

पुढच्या होळीला माझ्या मथीच्या पायाला फोड आला आणि त्यातून पांढरा दोरा डोकावला.

तू रोज येत होतास. माझ्या पोरीचा पाय मांडीवर घेऊन, काडीला तो नारू गुंडाळायचास, रोज बोटभर, त्याहून जास्त नाही. मथी रडायची तर तिला चुंबकाच्या गोष्टी सांगायचास. आणि मी काय विचार करत होते, सांगू? हा मुद्दाम हळू काढतोय. मला धडा शिकवतोय. एका दुपारी तू शाळेत असताना मी काडी हातात घेतली आणि ओढलं. नारू आतच तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, महिनाभर पोर तापानं फणफणली. तेव्हापासून गुडघा वाकत नाही. पंधराची झाली आता. चालताना अंगण ओलांडायला तिला माझ्या दुप्पट वेळ लागतो.

तू मला रागावलाही नाहीस! का रे? एक शब्द बोलला असतास तर मी भांडले असते, रडले असते, सगळं बाहेर आलं असतं. त्याऐवजी तू ओसरीवर बसलास आणि म्हणालास, "आक्का, माले पानी दे. देवनी घागरमाईन दे."

लोटा घेऊन मी देवळीकडे वळले. म्हणजे तुला कळलं होतं! कधी कळलं, कसं कळलं, तू कधी सांगितलं नाहीस. त्यानंतर दरवेळी आलास की तेच. "देवनी घागरमाईन दे." मी तुझ्या तोंडाकडे निरखून बघायचे. टोचतोयस, की माफ करतोयस? की नुसता मी कधी बोलते याची वाट बघतोयस? मला तुझ्या तहानेचाही संशय यायला लागला होता. तेवढं पाणी पिऊन तू हसून निघून जायचास.

मथीचा पाय सुजला त्याच आठवड्यात मी रांजणावर फडकं बांधलं. शेजारणीनं विचारलंच. मी म्हटलं, माशा बसतात. तेव्हाही खोटं बोलले!

यंदाच्या पौषात तुला ताप भरला, छाती वाजायला लागली. शेवटच्या दिवशी मी लोटा ओठाला लावला तर डोळे न उघडता विचारलंस, "कोनती घागर?" मी म्हटलं, "आते फरक नही रे भाऊ. सगळ्या गाळेल शेतस." तू प्यालास. माझा हात दाबलास. त्यावर आपलं झालेलं बोलणं एवढंच. मी त्यालाच कबुली समजले होते. पण ती बंद घरात दिलेली कबुली. तुला खोटं ठरवलं होतं मी भर बाजारात.

काल मास्तर गेल्यावर मथी म्हणाली, "माय, ते भिंग दी टाक ना. नही तं मीच नेस." लंगडत ट्रंकेपाशी गेली आणि पेटी उचलून पोटाशी धरली. मी तिला सगळं सांगितलं, देवाच्या घागरीपासून काडीपर्यंत. माझ्याकडे न बघता ती पितळ पुसत राहिली. मग एवढंच विचारलं, "मामाले माहीत व्हतं?" मी मान डोलावली.

आता वचन. जत्रेत पाटील आणि पंच पुन्हा बसणार आहेत, पायऱ्यांचं पुन्हा निघणार आहे. मी दोन लोटे घेऊन जाईन. एक पायविहिरीतून थेट भरलेला, एक देवाच्या घागरीतला. भिंगापाशी मथी बसेल; वाकड्या टोपीचा तो मास्तर बाजूला उभा राहील, त्याच्यावर माझा अजून भरवसा नाही. आधी सगळ्यांना दोन्हींतलं पाणी दाखवीन. मग म्हणेन, नथू मास्तर खरा होता, लबाडी माझ्याकडून झाली, आणि तिचा दाखला ही बसली आहे माझी पोर. हसायचं तर हसा, थुंकायचं तर थुंका. पण पायऱ्यांवर भिंत उभी राहिल्याशिवाय मी पटांगणातून उठणार नाही.

तिसरा लोटा तुझ्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवीन. देवाच्या घागरीतला. कोणती घागर, ते तुला विचारावं लागणार नाही. या वेळी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन.

तुझी, तुला पारखत राहिलेली,
आक्का