सूपचं खातं माझ्याकडे

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
सुट्टीच्या जेवणाला नऊ दिवस. आठ माणसं. रिटायर झाल्यावरचं हे पहिलंच जेवण, त्यामुळे या वर्षी घराला पूर्णवेळ स्टोअर्स मॅनेजर मिळालाय. घराला आनंद अजून नीट दाखवता आलेला नाही.
निश्चय : चिडायचं नाही. सौ.च्या कामात लुडबुड नाही, फक्त मार्गदर्शन. सूप नेहमीप्रमाणे माझ्याकडे. वर्ष अकरावं. गेल्या दहा वर्षांत पातेल्यात थेंब उरलेला नाही. बाकीचं जेवण सौ. आणि लेक बघतील. ते काय, कुणीही करतं.

४ नोव्हेंबर
भोपळा आणला. कापलेला, दोन किलो. सौ. म्हणाली, अहो, आठ दिवस आधी कशाला? पुन्हा समजावलं की बत्तीस वर्षं मी कंपनीचं स्टोअर्स एकाच नियमावर चालवलं : आधी आलेला माल आधी बाहेर. सूपलाही तोच नियम. आधी घरातली सुरकुतलेली गाजरं, जुने कांदे, त्या डब्यातला सुका पाला (डब्यावरचं साल वाचता येत नाही), मग नवं. जुनं ते सोनं. ती म्हणाली, सोनं शिजत नाही. तिला कधीकधी सुचतं.

६ नोव्हेंबर
सहकुटुंब खरेदी. मी, सौ., लेक, जावई, एक ट्रॉली. प्रत्येकाला मागणीची चिठ्ठी दिली : माल, वजन, सही. लेक म्हणाली, बाबा, बटाट्याला सही? म्हटलं, सवय सुटते ती बटाट्यापासूनच. काट्यावर प्रत्येक पिशवी मी स्वतः पुन्हा तोलली. मागे रांग लागली. एक बाई काहीतरी पुटपुटल्या. शिस्त सगळ्यांनाच बोचते. चिडलो नाही. फक्त मोठ्याने बोललो.
घोळ एकच. सौ.ने ट्रॉलीत आणखी एक भोपळा टाकला. अख्खा, ताजा. म्हटलं, आहे की घरी. ती म्हणाली, असू दे, लागतो. जावई लगेच म्हणाला, बाबा, जड आहे, आमच्याकडेच नेतो. मुलगा गुणी आहे. उगाच त्याला दोन वर्षं नावं ठेवली.

८ नोव्हेंबर
कॅलेंडरवर तेरा तारखेला, म्हणजे जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, सौ.च्या अक्षरात ‘प्लंबर’. सिंक तर ठणठणीत आहे. म्हणजे बिघडायच्या आधीच देखभाल! वाण नाही पण गुण लागला. कौतुक तोंडावर केलं नाही. डोक्यावर बसेल.

९ नोव्हेंबर, सकाळी ११
सौ. फोन घरीच विसरून बाहेर गेली. वाजला, मी घेतला. प्लंबर. म्हणाला, काका, तेराला नक्की येतो, दरवर्षीसारखं सूपच ना? मग मोठी तार आणतो.
विचारलं, कसलं सूप? तो खुशीत सांगायला लागला. दरवर्षी सुट्टीनंतर तुमच्या सिंकमधून बादलीभर पिवळा गाळ निघतो. काकू म्हणतात, कचऱ्यात टाकलं तर हे बघतात. (बघतो. रोज डबा तपासतो. काय वाया गेलं ते कळायला नको?)
फोन ठेवला. कॅलेंडरवरचं ‘प्लंबर’ पुन्हा वाचलं.

९ नोव्हेंबर, दुपारी ४.३०
चौकशी पूर्ण. सौ.ने पापणीही न लववता सगळं कबूल केलं. जेवणाआधी मी चाळीस मिनिटं आंघोळ करतो. तेवढ्यात लेक तिच्या घरून सूप आणते, माझं सिंकमध्ये जातं, तिचं माझ्या पातेल्यात. लग्न झाल्यापासून ओतायचं काम जावयाकडे. अस्तनीतला निखारा!
गेल्या वर्षी मी स्वतः दोन वाट्या प्यायलो आणि भरल्या टेबलावर म्हणालो की हाताला चव असावी लागते. सगळे हो हो म्हणाले. केसाने गळा कापला माझा. तोही घरच्यांनी.
सौ. म्हणाली, अहो, एकदा चाखून तरी बघायचं होतं. म्हटलं, स्टोअर्सवाला माल चाखत नाही.

१० नोव्हेंबर
सकाळपासून अबोला. सौ.च्या दुपारी लक्षात आलं. म्हणाली, तरीच आज बरं वाटतंय.
लेक आली. म्हणाली, बाबा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच ना. म्हटलं, मग आता काय वाटतंय मला? ती माझ्याशेजारी येऊन बसली.
खुर्ची गेली, किल्ल्यांचा जुडगा गेला. परवा कंपनीच्या गेटवर वॉचमनने माझं नाव वहीत लिहून घेतलं, ‘व्हिजिटर’ म्हणून. एवढं एक पातेलं माझं होतं. तेही माझं नव्हतं.

११ नोव्हेंबर
लेखी आदेश काढला. या वर्षी टेबलावर एकच सूप, माझं. सौ., लेक, जावई, तिघांच्या सह्या घेतल्या. जावयाने सहीआधी कागद दोनदा वाचला. प्लंबर रद्द केला. उद्याची आंघोळ रद्द केली. उद्या एक घोट घेतील आणि दहा वर्षं काय गमावलं ते कळेल. माफी मागतील. मी लगेच देणार नाही.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०
सूप तयार. पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसलोय. आज दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी.

१३ नोव्हेंबर, सकाळी ९
काल रात्री सूप वाढलं. सगळ्यांनी चमचा तोंडात घातला. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. मला वाटलं, जिंकलो. मग मी चाखलं.
ओलं गोणपाट. मिरी लावलेलं.
वर बघितलं. सगळे खाली मान घालून पीत होते. सौ.ने वाटी संपवली. लेकीने संपवली. जावयाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी त्याने वाटी पुढे केली. म्हणाला, बाबा, आणखी थोडं. मी वाढलं नाही. म्हटलं, राहू दे, पुढे बरंच आहे.
सगळे गेल्यावर पातेलं सिंकमध्ये मीच उलटं केलं. सौ.ने नळ सोडला. बोलली नाही काही. बोलली असती तरी चाललं असतं.
सकाळी सिंक तुंबलं. प्लंबरला फोन केला. त्याने विचारलं, सूपच ना? म्हटलं, हो. मोठी तार आणा.
पुढच्या वर्षीचा निश्चय : सूप नेहमीप्रमाणे माझ्याकडे. आणि जेवणाआधी आंघोळ. पूर्ण चाळीस मिनिटं.