अण्णांनी वाचलेली आई

॥ जय जिनेंद्र ॥

निपाणी, ९ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रेमला हिस,
रायाप्पाचे अ. उ. आ.

संक्रांतीच्या आत पत्र पोचावं म्हणून आज सकाळीच बसलो आहे. घरात फोन आहे, तो मला दिसतो. पण फोनवर तू जेवलास का विचारतेस, मी व्हय म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं. कागदावर मात्र आपण लई बोलतो.

बातमी अशी की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली. आपला श्रेयांस बेळगावच्या कॉलेजात शिकवतो, पण नातवाचा खरा जीव सिनेमात. देशोदेशीच्या महोत्सवांत फिरून आलेले सिनेमे तो आणि त्याचे मित्र गावोगावी दाखवतात. घर, घरातली भांडणं आणि त्यातून तगलेली माणसं, असेच सगळे. यंदा तीन दिवस निपाणीत, तंबाखूच्या वखारीच्या मागच्या हॉलमध्ये. परवानगीचा अर्ज कन्नडात, पोस्टर मराठीत आणि सिनेमा तिसऱ्याच भाषेत. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती विडी वळणाऱ्या बायकांनी वाचायची कधी? म्हणून ठरलं की आजोबांनी माइकपुढं बसायचं आणि माणसं बोलतील तसं मराठीत वाचायचं. श्रेयांस इंग्रजी संवाद आधी आणून देतो, मी ते मराठी करून वहीत उतरवतो.

सातवीच्या वर्गाला शिकवताना मी कविता म्हणायचो तेव्हा खिडकीबाहेर हमाल थांबायचे, आठवतं? मला वाटायचं कवितेसाठीच थांबतात. कदाचित विडी ओढायलाही थांबत असतील. पण आता वही उघडली की तोच वर्ग समोर येतो, शाईचा वास येतो, आणि साधं वाक्यसुद्धा मी लघु-गुरू मोजून बघतो.

२ फेब्रुवारीच्या रविवारी शेवटचा सिनेमा आहे, आई आणि लेकीचा. बर्फाचा मुलूख, मधे नदी, दोन काठांवर दोन जमाती, हाडवैर. लेक पलीकडच्या पोराचा हात धरून जाते आणि अनेक वर्षांनी आईच्या दारात येऊन उभी राहते. शेवटची पानं अजून माझ्या हातात आलेली नाहीत. पण हे वाचताना तूच दिसत होतीस. सौम्याला घेऊन ये. नातीला आजीचं माहेर दाखव.

मारुतीरावांना नमस्कार. माया आहे तेवढी पुरे, ती तशीच असू दे. वाढवायचं वय आपलं राहिलं नाही.

तुझा
रायाप्पाअण्णा

*

येळ्ळूर, १६ जानेवारी २०२५

ती. अण्णास,
प्रेमलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हे म्हणाले, तुझ्या अण्णाला पेन्शन पुरत न्हाय वाटतं, आता सिनेमात उतरला. मी म्हटलं, तुम्ही कीर्तनाला झोपता तसं अण्णाच्या सिनेमाला झोपू नका, म्हणून तुम्हांला नेतच न्हाय.

आम्ही येतो. सौम्या तयारच आहे, तिला बाहेरचे सिनेमे फार. मी मात्र गोष्ट वाचली आणि पत्र पुन्हा पहिल्यापासनं वाचलं. लग्नानंतर अकरा वर्षं मी निपाणीच्या स्टँडवरनं बसनं गेले, पण उतरले न्हाय, हे तुला ठाऊक आहे. यांचं घर मराठ्यांचं, आपलं जैनांचं, आणि आईनं दार लावलं ते लावलंच. आई सल्लेखना घेऊन, अन्नपाणी सोडून गेली, तेव्हा तुझं निळं आंतरदेशीय पत्र आलं. त्यातली ओळ मला पाठ आहे. “माझ्या प्रेमूला सांगा, तिच्यासाठी माझ्या मनात आता मायेशिवाय काही उरलं नाही.” त्या ओळीच्या जोरावरच मी पुढच्या महिन्यात निपाणीला उतरले, लेकीचं नाव आईचं ठेवलं, आणि सासरी कुणी माहेरावरनं बोललं तर मान खाली घातली न्हाय. सौम्यालापण ती ओळ मी लहानपणीच शिकवलीय.

तेव्हा तुझ्या त्या बर्फातल्या आईचा शेवट काय होतो ते आधी कळवू नकोस. मी तिथंच बघीन.

पायावर डोकं ठेवते. राग-लोभ दोन्ही तुझ्याच घरचे, सांभाळ.

तुझी
प्रेमला

*

येळ्ळूर, ६ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. हे लिहायला चार दिवस लावले.

हॉल भरला होता. तुझा आवाज अजून तसाच आहे, वर्गात होता तसा. लेक दारात उभी राहिली, म्हातारीनं भाकरी पुढं केली आणि तू वाचलंस, “खा बाळ. कुठंही गेलीस तरी लेक ती लेकच.” सगळा हॉल रडला. माझ्या शेजारी विडी कामगारांतली जयाबाई होती. तिनं स्वतःचे डोळे पुसले आणि मग तोच पदर माझ्या हातात दिला. मला एवढंच वाटलं की त्या म्हातारीचा चेहरा दगडासारखा आहे आणि बोलणं लोण्यासारखं. म्हटलं, तिकडच्या बायका तशाच असतील, थंडीनं तोंड हलत नसंल.

परत येताना बसमध्ये सौम्या खिडकीशी बसली. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, पोरगी माझ्याकडं बघेना. शेवटी मीच टोकलं. तेव्हा म्हणाली, आजी, खाली इंग्रजीत तसं नव्हतं. ती आई म्हणत होती, “दारात आलेल्या कुणालाही मी भाकरी देते. तू माझी कोणी नाहीस.” अण्णाआजोबांनी उलटं वाचलं.

मी तिला रागावले. म्हटलं तुला घाईत वाचता आलं नसंल. घरी आल्यावर तिनं श्रेयांसकडनं मागवून इंग्रजी संवादांचा कागदच पुढं ठेवला.

अण्णा, मला सिनेमाचं काही न्हाय. त्या आईची आणि माझी ओळख दोन तासांची. पण त्या दिवसापासून भाकरी थापताना, झाडलोट करताना एकच डोक्यात येतंय. तू एका आईचं बोलणं बदलू शकतोस. मग निळ्या पत्रातलं बोलणं कुणाचं होतं?

खरं काय ते लिही. गोड करून लिहिलंस तर मला कळंल, आता कळंल.

तुझी
प्रेमला

*

॥ जय जिनेंद्र ॥

निपाणी, २७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रेमला हिस,
अ. आ.

सौम्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. ती खरं बोलली.

शेवटची पानं शुक्रवारी आली. ओसरीवर बसून वाचली आणि वही मिटली. तुला येऊ नको म्हणायला फोन हातात घेतला, तर तू उचलून सांगितलंस की सौम्यानं तुझ्या पातळाला इस्त्री केलीय. मी बरं म्हणून ठेवून दिला. एका वाक्यानं काय होतंय, असं मनाला सांगितलं. अंधार झाल्यावर तू तिसऱ्या रांगेत कुठं बसलीस तेही दिसत नव्हतं. तरी मी तुझ्याकडं तोंड करूनच वाचलं.

आता आईचं. हे लिहायला तीन आठवडे लागले, तू मोजले असशीलच.

आईनं अन्न सोडलं तेव्हा रीतीप्रमाणं सगळ्यांची क्षमा मागितली आणि सगळ्यांना केली. आडावरच्या भांडणानं शेजारच्या बाळाबाईशी सात वर्षं बोलणं नव्हतं, तिला बोलावून हात धरला. गोठ्यातल्या म्हशीला एकदा काठी मारली होती, तिचीही मागितली. मी उशाशी बसून तुझ्या नावाची वाट बघत होतो. चौथ्या दिवशी सकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कानाशी वाकून विचारलं, आणि प्रेमू? तिनं डोळे उघडले. लख्ख शुद्धीत होती. म्हणाली, “त्या नावाचं आपल्यात कोण न्हाय.”

दोन दिवसांनी गेली. त्या दोन दिवसांत मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित काही वेगळं म्हणाली असती, हा माझा भ्रम असेल. पण तो मी आजवर जपला. आणि तुला बोलावलं नाही, हेही माझंच. येळ्ळूर दोन बसच्या अंतरावर होतं. आई नको म्हणाली म्हणून नव्हे. समाजाची सगळी माणसं घरात बसलेली, त्यांच्यासमोर तुला दारातून परत पाठवायची पाळी आली असती, तर मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. मी गप्प उभा राहिलो असतो.

मग ते निळं पत्र. मजकूर सुचत नव्हता, पण ती ओळ एका दमात आली. लिहून झाल्यावर मी ती मोठ्यानं म्हणून पाहिली. प्रेमू, मला ती आवडली. आई गेलेली, घरात रडारड, आणि मी ओळीची लय ऐकत बसलो होतो. तू कळवलंस की तीस वेळा वाचली, तेव्हा मला वर्गात कविता रंगल्यासारखं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता म्हटल्या. स्वतःची अशी ही एकच, आणि तिच्याखाली मी आईचं नाव घातलं.

माफी मागण्याइतकं तोंड नाही. दर वर्षी क्षमावाणीला छापील कार्ड पाठवतो, त्यात “कळत-नकळत” असा शब्द असतो. मी कळतच केलं होतं.

आशीर्वाद द्यायचा हात लिहिताना थांबतो आहे, तरी देतो.

रायाप्पा

*

येळ्ळूर, १० एप्रिल २०२५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले न्हाय. यांनी विचारलं तर वाचायला दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, तुझ्या अण्णानं निदान खोटं तरी लिहिलं, आमच्यातल्यांनी तेवढंबी केलं न्हाय. मग उठून त्यांनीच चहा ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा. साखर घालायचं विसरले.

सव्वा महिना मी तुझ्यावर रागावले. मग आईवर. तिच्यावरचा राग आत कुठंतरी तसाच बसलाय, हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्या ओळीमुळं मला वाटायचं की तिनं क्षमा केली, मिटलं. मी तिला क्षमा करायची ती राहूनच गेली. म्हशीची मागितली आणि माझी न्हाय, हे भाकरी थापताना आठवतं आणि हात थांबतो. आता ती न्हाय, तू म्हातारा, मी सत्तरीची. कसं करायचं ते मला येत न्हाय अण्णा. शिकते. होईल असं लिहीत न्हाय, तूपण धरून बसू नकोस.

सौम्या म्हणाली, आजी, ती ओळ आता विसरायची का. मी म्हटलं, विसरू नको, पण कुणाची ते नीट सांगत जा.

श्रेयांस येऊन गेला. ४ मेच्या रविवारी तोच सिनेमा आमच्या शाळेत लावणार. वाचायला सौम्याला विचारत होता. मी न्हाय म्हटलं. अण्णाच वाचंल.

तू ये. म्हातारी भाकरी देऊन काय म्हणते, ते जसं आहे तसं वाच. मी पहिल्या रांगेत बसणार, तुला दिसेन अशी. आपल्या आईचं बोलणं तू मला ऐकू दिलं न्हाईस. त्या आईचं तरी तुझ्या तोंडून ऐकू दे. आवाज बसला तर थांब, पाणी पी, पण वाक्य बदलू नकोस.

लोभ आहे का ते विचारू नकोस. दुपारच्या बसनं ये, जेवण इथंच आहे.

तुझी
प्रेमला