सोरखा आयरिशमध्ये नापास

रिन वान
१२ मार्च

लाडक्या डेलिये,

तुझे गुडघे कसे आहेत? बॉस्टनचा बर्फ वितळला का? इकडे सगळं ठीक. कोंबड्या अंडी देतायत, वारा काही थांबत नाही. तुला फोनवर धड ऐकू येत नाही म्हणून कागद घेऊन बसले आहे. रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

सोरखा आयरिशमध्ये नापास झाली.

पुन्हा वाच. मीही कौन्सिलच्या माणसाला फोनवर पुन्हा पुन्हा विचारलं. म्हटलं, बाबा रे, नावाची काही गल्लत होतेय तुझी. तो म्हणाला, "नाही बाई, सोरखाच. घराची परवानगी देता येत नाही." माझी पोर, आपली सोरखा! जिचा पहिला शब्द आयरिश, पहिली शिवी आयरिश, जी झोपेतसुद्धा आयरिशमध्ये भांडते!

तू गेलीस तेव्हा हा नियम नव्हता, म्हणून सांगते. आपल्या आयरिश बोलणाऱ्या पट्ट्यात नवं घर बांधायचं, तर बांधणाऱ्याला आयरिश येते हे आता दाखवावं लागतं. कौन्सिल एक माणूस बसवतं, तो तोंडी परीक्षा घेतो. नियम चांगलाच आहे, मी स्वतः त्याच्या बाजूनं सभेत बोलले होते. नाहीतर समुद्र बघायला आलेले सगळे डब्लिनवाले इथे बंगले बांधतील आणि दुकानात पाव मागायलासुद्धा आपल्याला इंग्रजी बोलावं लागेल. पण नियम त्यांच्यासाठी होता गं, आपल्यासाठी नव्हता.

आपल्या घराला लागून जे खालचं शेत आहे ना, दगडांचं, ते मी सोरखाच्या नावावर केलं. घराचा नकाशा काढून घेतला. किती वर्षं लिमरिकला फिजिओथेरपी करत लोकांच्या पाठी चोळत बसणार ती? आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही तिच्यासारखीची गरज आहेच. परीक्षेच्या दिवशी मी आणि फेस्टी तिला घेऊन गेलो आणि थर्मासमधला चहा पीत गाडीत बसलो. फेस्टी सारखं विचारत होता, आपण कुठे चाललोय. माझ्या नवऱ्याचं लक्षच नसतं, तुला माहीतच आहे. सोरखा बाहेर आली ती पांढरीफटक. मी विचारलं, "काय विचारलं गं?" तर म्हणाली, "काही नाही आई, गाडी काढ." मला वाटलं दमली असेल.

परीक्षा घेणारी कोण, तर क्लीओना नावाची एक पोरगी. डब्लिनची! शाळेत पुस्तकातून आयरिश शिकलेली! ती माझ्या मुलीला नापास करते! मी, जिच्या घरी दर उन्हाळ्यात सरकार पोरं पाठवतं भाषा शिकायला, जिच्या टेबलावर इंग्रजीचा एक शब्द निघाला तरी लोणी मिळत नाही, तिच्या मुलीला!

मी गप्प बसणार नाही.

संतापलेली तुझी,
ओनोरा


रिन वान
२७ मार्च

डेलिये,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला लोकर बांध, मलमानं काही होत नाही.

इथे सगळं गाव माझ्या पाठीशी आहे. रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी चर्चच्या फाटकात उभी राहिले आणि ज्यानं त्यानं आपण होऊन सही केली. त्या क्लीओनाला या कामावरून काढा, एवढंच आमचं मागणं. म्हातारा कोलमन तर म्हणाला, "ओनोरा, सोरखा नापास झाली, तर मग आम्ही सगळे काय कुत्र्यासारखे भुंकतो की काय?" सगळे हसले. मलाही हसू आलं. त्या पोरीचं काम कंत्राटी आहे म्हणे, जूनपर्यंतच. जाऊ दे ना मग! शुक्रवारी पाच तारखेला रेडिओवाल्यांनी मला सकाळच्या कार्यक्रमात बोलावलंय. सरकार आयरिशसाठी रेडिओ चालवतं, शाळा चालवतं, रस्त्यावरच्या पाट्या रंगवतं, आणि ज्यांच्या तोंडात ती भाषा आहे त्यांनाच घर बांधू देत नाही. हे मी सगळ्या देशाला ऐकवणार आहे.

तू विचारलंस, सोरखा काय म्हणते. ती काय म्हणणार? धक्का बसलाय पोरीला. फोन केला की म्हणते, "आई, सोड ना." मी म्हटलं, सोडते कशी? अपील करू, तुझ्या परीक्षेचं रेकॉर्डिंग आहे, ते सगळ्यांसमोर वाजवू. तर तिनं फोन ठेवला. माझ्या तोंडावर! अशी कधी वागत नाही ती.

काल आणखी एक झालं. गावातल्या दुकानात माशांच्या काउंटरवर माझ्यापुढे ती क्लीओना उभी. बांगडे घेत होती. मी म्हटलं, "बाई, माझ्या मुलीला नापास करून रात्री झोप लागते का?" सगळं दुकान थांबलं. ती लाल झाली. वाटलं, आता इंग्रजीत उत्तर देईल. तर नाही, स्वच्छ आयरिशमध्ये म्हणाली, "ओनोराबाई, परीक्षेतलं मला बाहेर बोलता येत नाही. तुमच्या मुलीला विचारा." आणि बांगडे तिथेच ठेवून निघून गेली.

मुलीला विचारा म्हणे! काय उद्धटपणा! पण तिची आयरिश वाईट नव्हती, हे मात्र मला कबूल करायला हवं. तुझ्याजवळच करते.

फेस्टी कसा आहे असं तू दोनदा विचारलंस. बरा आहे. परवा धक्क्यावर जाऊन उभा होता बराच वेळ, वारा खायला. कोलमननं त्याला घरी आणून सोडलं. बाकी काही नाही.

रेडिओ लागत असेल तर ऐक. तुझ्या नातवाला सांग, फोनवर लावून देईल.

तुझी,
ओनोरा


रिन वान
९ एप्रिल

डेलिये,

हे पत्र मी दोनदा सुरू करून फाडलं. हवा बरी आहे. बटाटे लावायचे राहिलेत.

तुझ्या नातवानं रेडिओ लावून दिला असेल, तर माझं बोलणं ऐकून तुला वाटलं असेल की ओनोराला वेड लागलं. नाही लागलं. थांब, पहिल्यापासून सांगते.

बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघरात पाव भाजत होते, तर सोरखा दारात उभी. लिमरिकहून, कामाच्या दिवशी, न कळवता. माझ्या मनात पहिलं आलं ते, कुणी मेलं की काय. ती बसली नाही. कोटसुद्धा काढला नाही.

"आई, शुक्रवारी रेडिओवर जाऊ नकोस."

"का जाऊ नको? तोंड लपवायला आपण काय चोरी केलीय?"

"मी मुद्दाम नापास झाले."

डेलिये, मला शब्द कळले, पण अर्थ कळेना. मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे तिनं आयरिशमध्ये विचारलं, तुझ्या घराबद्दल सांग. मी इंग्रजीत म्हटलं, मला प्रश्न कळला नाही. तिनं सोपं करून विचारलं. मी पुन्हा तेच. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं मला दडपण आलंय. पाणी दिलं. म्हणाली, सावकाश होऊ दे. शेवटी तिनं विचारलं, नाव काय तुझं? तेसुद्धा मी चुकीचं सांगितलं."

मी हातातलं फडकं खाली टाकलं आणि खुर्चीवर बसले. आपल्या आजीला शाळेत आयरिश बोलली म्हणून छड्या बसल्या होत्या, आणि माझी मुलगी भाषा येत असून येत नाही म्हणून सांगते!

"तुला घर नको होतं तर नको म्हणायचं!" मी ओरडले.

"कधी म्हणायचं? शेत माझ्या नावावर केलंस ते मला वाढदिवसाला केक कापताना सांगितलंस, सगळ्यांसमोर. नकाशा काढून आणलास. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर काढलीस, आई! मी चहात साखर किती घालते ते तुला दिसावं म्हणून!"

"उजेडासाठी काढली ती."

"आई."

"एक साधं नाही म्हणता आलं नसतं तुला?"

"तुला? तुला आजवर कुणी नाही म्हटलंय? बाबांनी तरी? मला वाटलं, तुला नाही म्हणण्यापेक्षा कौन्सिलनं नाही म्हटलेलं बरं. कौन्सिलवर तू चिडशील, महिनाभर बडबड करशील आणि सोडून देशील. तू त्या पोरीची नोकरी घालवायला निघशील हे मला काय माहीत!"

मग ती रडायला लागली. डेलिये, ती रडताना मला आधी राग आला, मग कसली तरी भीती वाटली. लिमरिकमध्ये तिचं म्हणे कुणी आहे. एक गडी, मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवतो. दोन वर्षं झाली. दोन वर्षं! मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, कारण मी पहिला प्रश्न विचारला असता तो हा, की त्याला आयरिश येते का. येत नाही.

तेवढ्यात फेस्टी आत आला. तिला पाहून इतका खूश झाला! म्हणाला, "अरे, आलीस? डेलिया कुठाय?" सोरखा हसली, तिला वाटलं बाबा थट्टा करतायत. मीही हसले, आणि चटकन चहा ठेवला.

आता तुला सांगते ते दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. तो थट्टा करत नव्हता. त्याला वाटलं तू शेजारच्या खोलीत आहेस. त्या दिवशी धक्क्यावर तो वारा खायला गेला नव्हता, भावाच्या होडीची वाट बघत होता. पॅट्रिक जाऊन अठरा वर्षं झाली. परीक्षेच्या दिवशी गाडीत त्यानं मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" मी म्हटलं, तुमच्याकडचीच. डॉक्टरांनी ख्रिसमसच्या आधीच सांगितलंय, हे वाढत जाणार. मी कुणाला बोलले नाही. बोलले की खरं होईल असं वाटायचं. म्हणून मला ती खिडकी समोर हवी होती, डेलिये. चहातली साखर बघायला नाही. मला हाक मारता यावी म्हणून.

हे सोरखाला सांगायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ती डोळे पुसत फेस्टीला त्या गड्याच्या दुकानाबद्दल सांगत होती, आणि तिचा चेहरा असा होता की मी तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. माझं तोंड मिटलं.

शुक्रवारी मी रेडिओवर गेले. घरी बसले असते तर सह्यांचे कागद कौन्सिलकडे गेलेच असते, आणि त्या क्लीओनाची नोकरी उगाच गेली असती. खरं सांगितलं असतं तर सोरखा गावभर खोटारडी ठरली असती. मग उरलं काय? निवेदक मला म्हणाला, "ओनोरा, सांगा, काय अन्याय झाला?" मी म्हटलं, "काही झाला नाही. परीक्षा बरोबर घेतली. माझ्या मुलीची आयरिश कच्ची आहे. आम्हीच घरात कमी पडलो."

तो गारच पडला. "पण तुमच्याकडे तर अर्धं डब्लिन भाषा शिकून गेलं!"

"लोकांची पोरं शिकवली," मी म्हटलं, "आपली राहिली."

रविवारी चर्चच्या फाटकात कुणी माझ्याशी फार बोललं नाही. कोलमननं नुसती टोपी हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "घरात इंग्रजी टीव्ही चालला की असंच होतं," आणि मी मागे वळले नाही. मी! उन्हाळ्यात पोरांना भाषा शिकवणाऱ्या कॉलेजवाल्यांचा फोन आला. यंदा पोरं माझ्याकडे पाठवायची की नाही ते बघतो म्हणाले. मी म्हटलं, नकाच पाठवू. तसंही फेस्टीला घेऊन आता बारा पोरं सांभाळणं जमणार नाही, पण ते त्यांना कशाला सांगू?

रेडिओ झाल्यावर सोरखाचा लगेच फोन आला. रडत होती. "आई, असं का बोललीस? सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, "तू केलंस तेच मी केलं. माझ्याकडूनच शिकलीस ना." मग दोघी हसलो, वेड्यासारख्या. मग तिनं एकदम विचारलं, "बाबा बरे आहेत ना? त्या दिवशी मला जरा वेगळे वाटले."

तिनं विचारलं, डेलिये. सरळ विचारलं. मी खिडकीतून खालच्या शेताकडे बघत होते. फेस्टी तिथे दगड उचलून कुंपणावर ठेवत होता, आणि ठेवलेला पुन्हा काढत होता. मी नाही म्हटलं असतं तर ती त्याच दिवशी गाडी काढून आली असती. सगळं सोडून, त्या गड्यालाही सोडून, आणि पुन्हा परीक्षा देऊन पहिल्या नंबरानं पास झाली असती. घर मिळालं असतं मला. खिडकीसकट.

मी म्हटलं, "ठणठणीत आहेत. कुंपण दुरुस्त करतायत."

म्हणून हे पत्र. ती एकवीस तारखेच्या रविवारी तुला फोन करणार आहे, बातम्या विचारेल, खोदून विचारेल. तुला ऐकू येत नाही म्हणून टाळू नकोस. नीट ऐक आणि तिला सांग की ओनोराचं पत्र आलं होतं, आणि फेस्टी मजेत आहे.

तुझी बहीण,
ओनोरा